तत्त्वज्ञानाचा पहिला तास

‘तत्त्वज्ञान’ हा शब्द आपल्या व्यवहारात दोन टोकांना वापरला जातो. एका टोकाला तो अध्यात्म, मोक्ष आणि वैराग्य यांच्या पंक्तीला जाऊन बसतो. दुसऱ्या टोकाला ‘उगाच तत्त्वज्ञान सांगू नका’ असे म्हणून त्याची बोळवण केली जाते. अकरावीच्या कला शाखेत हा विषय निवडणारा विद्यार्थी हे दोन्ही समज सोबत घेऊनच वर्गात येतो. पहिल्या तासाला समोर बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना आता आपल्याला प्रवचन ऐकावयास मिळणार असे वाटत असते, तर काहींना हा विषय वेळापत्रकात बसला म्हणून घेतलेला असतो. अशा वर्गापुढे सुरुवात कोठून करावी, हा प्रश्न शिक्षकाच्या दृष्टीने लहान नाही.

रूढ पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे. प्रथम ‘तत्त्वज्ञान’ शब्दाची व्युत्पत्ती, मग त्याच्या चार-पाच व्याख्या, मग ज्ञानमीमांसा, सत्तामीमांसा, नीतिशास्त्र अशा शाखा आणि त्यानंतर सहा आस्तिक व तीन नास्तिक दर्शनांची यादी. प्रस्तुत लेखकाने कला शाखेचा विद्यार्थी म्हणून हे सर्व वहीत उतरवून घेतले होते व परीक्षेत बिनचूक लिहिलेही होते. मात्र या थोर पुरुषांना मुळात अडचण कोणती पडली होती, हे त्या काळात एकदाही मनात आले नाही. प्रश्न पडण्याआधीच उत्तरे पाठ झाली होती. तहान लागण्यापूर्वी पाजलेले पाणी अंगी लागत नाही, तसाच हा प्रकार होता.

तत्त्वज्ञान म्हणजे प्रथम काही प्रश्न, आणि ते प्रश्न नवख्या माणसाच्या मनात जागे करता येतात, ही भूमिका घेऊन लिहिलेले एक लहानसे पुस्तक 1912 साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाले. बर्ट्रांड रसेल यांचे ‘द प्रॉब्लेम्स ऑफ फिलॉसॉफी’ हे ते पुस्तक. सर्वसामान्य वाचकासाठी काढलेल्या स्वस्त ग्रंथमालेत ते निघाले आणि शंभरहून अधिक वर्षे जगभरच्या नवशिक्यांच्या हाती पडत आले आहे. त्यात रसेल कोणत्याही तत्त्ववेत्त्याच्या चरित्राने आरंभ करीत नाहीत, तर स्वतःच्या समोरच्या टेबलापासून सुरुवात करतात. टेबल तपकिरी दिसते. पण उजेड पडतो तेथे ते पांढरे चमकते, आणि आपण जागा बदलली की ती चमकही सरकते. मग टेबलाचा खरा रंग कोणता? बोटाला गुळगुळीत लागणारा पृष्ठभाग भिंगाखाली खडबडीत दिसतो; मग खरा पृष्ठभाग कोणता? अशी पाच-दहा वाक्ये होतात न होतात तोच वाचकाच्या पायाखालची जमीन थोडी हलते. इतके झाले की तत्त्वज्ञानाचा आरंभ झाला असे समजावयास हरकत नाही.

टेबलाचे उदाहरण उत्तम आहे. तरीही ग्रामीण भागातील वर्गात ते काहीसे परके राहते असा काही शिक्षकांचा अनुभव आहे. ‘समोर टेबल आहे की नाही’ ही शंका विद्यार्थ्याला चेष्टेची वाटते, आणि चेष्टा वाटली की विषय हातचा जातो. म्हणून येथे दुसरा एक प्रश्न सुचवावासा वाटतो. तो तितकाच जुना आहे व कचेरीपासून ग्रामसभेपर्यंत रोज उपस्थित होतो : एखादी गोष्ट आपल्याला ठाऊक आहे असे आपण केव्हा म्हणू शकतो?

‘वाटणे’ आणि ‘ठाऊक असणे’

या प्रश्नाची पहिली पायरी चढण्यास ग्रंथांची गरज नाही; आपली मराठी भाषा पुरेशी आहे. फळ्यावर दोन वाक्ये लिहावीत. ‘पाऊस पडेल असे त्याला वाटत होते, पण पडला नाही.’ या वाक्यात कोणाला काही खटकणार नाही. आता दुसरे : ‘गाडी साडेसातची आहे हे त्याला ठाऊक होते, पण गाडी साडेसातची नव्हती.’ येथे वर्ग थांबतो. काहीतरी चुकले आहे हे प्रत्येकाला जाणवते. चुकीचे ‘वाटू’ शकते, चुकीचे ‘ठाऊक असू’ शकत नाही. ठाऊक असण्यासाठी गोष्ट खरी असावी लागते, ही पहिली अट विद्यार्थ्याला स्वतःच्याच भाषेत सापडते.

येथे जाता जाता एक निरीक्षण नोंदविण्याचा मोह होतो. ‘माहिती’ हा शब्द ‘ज्ञान’ या शब्दाइतका कडक नाही. ‘चुकीची माहिती’ असे आपण सहज बोलतो आणि दुर्दैवाने तसे बोलण्याचे प्रसंगही पुष्कळ येतात. ज्याच्या पदनामातच माहिती आहे, त्याने हा फरक विसरून चालत नाही.

मग खरे असणे एवढेच पुरे काय? ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ग्रीसमध्ये प्लेटोने हा प्रश्न विचारला. ‘मेनो’ या संवादात लारिसा नावाच्या गावाच्या रस्त्याचे उदाहरण आहे. एका माणसाला तो रस्ता ठाऊक आहे. दुसरा कधी तिकडे गेलेला नाही, पण त्याचा अंदाज बरोबर आहे. दोघांच्याही मागून जाणारा माणूस लारिसाला पोहोचणारच. मग ज्ञानाला खऱ्या समजुतीपेक्षा अधिक मान का द्यावा? प्लेटोचे उत्तर असे की, खऱ्या समजुती चांगल्याच असतात, परंतु त्या ठिकाणावर राहत नाहीत. कारणाच्या दाव्याने बांधल्या नाहीत तर निघून जातात. ज्यांच्या घरी गोठा आहे अशा विद्यार्थ्यांना दाव्याचा मुद्दा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

‘थिएटेटस’ या दुसऱ्या संवादातील उदाहरण पंचायत सदस्यांनी विशेष लक्षात घ्यावे असे आहे. घटना न्यायाधीशांनी पाहिलेली नाही. पाहिलेल्यालाच ती ठाऊक असू शकते. वक्त्याच्या वाक्चातुर्याने न्यायाधीशांचे मन वळते आणि ते निकाल देतात. समजा, तो निकाल योगायोगाने योग्य आहे. तरीही त्यांना सत्य ठाऊक होते असे म्हणता येईल काय? प्लेटोच्या मते नाही. निर्णय बरोबर आला, एवढ्याने निर्णय घेणाऱ्याला ज्ञान होते हे सिद्ध होत नाही.

यातून ज्ञानाची एक व्याख्या हाती येते व ती पुढे दीर्घकाळ पुरेशी मानली गेली : गोष्ट खरी असावी, ती खरी आहे असे आपल्याला वाटत असावे, आणि तसे वाटण्यास आपल्यापाशी सबळ आधार असावा. सत्य, समजूत आणि आधार असे हे तीन पाय. वर्गाला ही व्याख्या पटते. ती पटू द्यावी व त्यावर एक दिवस जाऊ द्यावा. कारण पुढच्या तासाला ती मोडावयाची आहे.

बंद पडलेले घड्याळ

1948 साली प्रसिद्ध झालेल्या ‘ह्यूमन नॉलेज’ या ग्रंथात रसेल यांनीच एक उदाहरण दिले आहे. भिंतीवरचे घड्याळ बंद पडलेले आहे. ते चालू आहे अशा समजुतीने एक मनुष्य त्याकडे पाहतो, आणि नेमकी तीच वेळ त्या क्षणी झालेली असते. त्याची समजूत खरी आहे. पण त्याला वेळ ठाऊक झाली काय?

1963 साली एडमंड गेटियर या अमेरिकन प्राध्यापकाने ‘ॲनालिसिस’ या नियतकालिकात अवघ्या तीन पानांचा एक लेख प्रसिद्ध केला आणि तिन्ही पाय शाबूत असताना तिवई कशी कोसळते हे दाखविले. गेटियर यांनी त्यानंतर फारसे लेखन केले नाही. 2021 साली त्यांचे निधन झाले. मात्र त्या तीन पानांवर जितकी चर्चा झाली तितकी क्वचितच एखाद्या जाडजूड ग्रंथावर झाली असेल. त्यांच्या एका उदाहरणात एकाच नोकरीचे दोन उमेदवार आहेत. पहिल्याला कंपनीच्या प्रमुखाकडून कळले आहे की निवड दुसऱ्याची होणार. आणि दुसऱ्याच्या खिशात दहा नाणी आहेत हे त्याने मोजून पाहिले आहे. यावरून तो अनुमान करतो की, ज्याला नोकरी मिळणार त्याच्या खिशात दहा नाणी आहेत. प्रत्यक्षात नोकरी पहिल्यालाच मिळते, आणि त्याच्याही खिशात, त्याला कल्पना नसताना, दहाच नाणी असतात. अनुमान खरे, ते खरे वाटत होते, आधारही सबळ होता. तरीही याला ज्ञान म्हणण्यास जीभ रेटत नाही.

नाण्यांचे उदाहरण विद्यार्थ्यांना कृत्रिम वाटते व ते तसे आहेही. म्हणून या ठिकाणी प्रस्तुत लेखकाच्या नोकरीतील एक प्रसंग सांगणे अप्रस्तुत होणार नाही.

काही वर्षांपूर्वी एका जिल्ह्यात असताना, पावसाळ्यातील एका रात्री दूरध्वनी आला. एका गावाजवळील पुलावरून पाणी वाहू लागले आहे, वाहतूक बंद करावी लागली आहे, असा निरोप होता. निरोप देणारा जबाबदार कर्मचारी होता, पाणी त्याने स्वतः पाहिले होते. मी गावाचे नाव परत उच्चारून खात्री करून घेतली, टिपण तयार केले आणि ते आकाशवाणीकडे व वृत्तपत्रांकडे तातडीने पाठविले. दुसऱ्या दिवशी त्या मार्गावरील मंडळींनी मुद्दाम कळविले की, सूचना वेळेवर मिळाल्याने रात्रीची एस.टी. गाडी थांबविता आली. पुलावर खरोखरच पाणी होते. वरिष्ठांनीही शाबासकी दिली.

दुपारी उलगडा झाला. त्याच नावाची दोन गावे दोन तालुक्यांत होती. निरोप एका गावचा होता आणि मी टिपणात तालुक्याचे नाव दुसरेच घातले होते. तालुका विचारावयाचा राहिला होता. ज्या वेळी मी ते टिपण लिहीत होतो, त्याच वेळी वरच्या भागातील पावसाने त्या दुसऱ्या पुलावरही पाणी आले होते. परंतु ते मला कोणीही कळविलेले नव्हते. माझे निवेदन शब्दशः खरे ठरले होते. मात्र ज्या पुलाचा निरोप होता, त्याविषयी त्या रात्री कोणालाच सूचना मिळाली नाही. तिकडे दुधाचा एक टेम्पो गेला. चालक सावध होता, पुलाच्या तोंडाशी पाणी पाहून तो मागे फिरला, म्हणून पुढचे टळले. शाबासकीचे शब्द कानांत असताना हे कळले. त्यानंतर आपले निवेदन बरोबर होते, असे समाधान मला मानता आले नाही.

गेटियर यांचा लेख मी त्या प्रसंगानंतर पुष्कळ उशिरा वाचला. वाचताना मात्र तो अमेरिकेतील प्राध्यापकाने लिहिला आहे असे वाटले नाही.

मुठीतील कवड्या

या प्रश्नाचा विचार केवळ पश्चिमेकडे झाला असे विद्यार्थ्यांना वाटू देणे मात्र योग्य होणार नाही. आठव्या शतकात काश्मीरमध्ये होऊन गेलेल्या धर्मोत्तर या बौद्ध आचार्याने मृगजळाचे उदाहरण घेतले आहे. तहानलेल्या प्रवाशाला दूर पाणी दिसते. ते वस्तुतः मृगजळ असते. तो त्या दिशेने जातो, आणि त्याच ठिकाणी खडकाआड त्याला खरे पाणी सापडते. त्याची तहान भागली. पण दुरून पाहताना तेथे पाणी असल्याचे त्याला ज्ञान झाले होते काय? बाराव्या शतकातील श्रीहर्ष, ज्यांना आपण ‘नैषधचरित’ या महाकाव्याचे कर्ते म्हणून ओळखतो, ते ‘खंडनखंडखाद्य’ या ग्रंथात याहून सोपे उदाहरण देतात. एकजण मूठ मिटून विचारतो, आत कवड्या किती? दुसरा सहज म्हणतो, पाच. आणि मूठ उघडल्यावर पाचच निघतात. हा ज्ञानाचा प्रकार मानावयाचा असेल, तर ज्ञानाच्या सर्व व्याख्या पुन्हा तपासाव्या लागतील, असा श्रीहर्षांचा रोख आहे. ‘काकतालीय न्याय’ या नावाने आपल्याकडे हा योगायोग प्रसिद्ध आहे. कावळा बसावयास आणि फांदी तुटावयास एकच गाठ पडते, असे आपल्या घरातील वडीलधारी माणसेही सांगतात.

श्रीहर्षांच्या उदाहरणात उत्तर देणाऱ्यापाशी काहीही आधार नाही, गेटियर यांच्या उदाहरणात तो आहे. हा फरक चलाख विद्यार्थ्याच्या लक्षात येईल, आणि आला नाही तर तो शिक्षकाने विचारून काढावा. परंतु धुक्याला धूर समजून पर्वतावर अग्नी असल्याचे अनुमान करावे आणि तेथे खरोखरच अग्नी असावा, हेही उदाहरण श्रीहर्षांपाशी आहे. तेथे आधार असल्याचा निदान आभास तरी आहे.

भारतीय परंपरेने या प्रश्नाकडे जाण्याची वाट थोडी वेगळी निवडली. समजुतीला आधार काय, एवढ्यावर न थांबता, ती समजूत कोणत्या मार्गाने निर्माण झाली आणि तो मार्ग निर्दोष होता काय, हे नैयायिक विचारतात. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द ही त्यांची चार प्रमाणे पाठ्यपुस्तकात असतातच. चार्वाकांना त्यांपैकी केवळ प्रत्यक्ष मान्य होते, हेही असते. विद्यार्थी ती नावे एका दमात म्हणून दाखवितो. परंतु पुलाचा प्रसंग समोर ठेवला की या नावांत जीव येतो. कर्मचाऱ्याला प्रत्यक्ष ज्ञान झाले होते, मला त्याच्या शब्दावरून व्हावयाचे होते. पण शब्द माझ्या कानी पोहोचला तरी त्याचा अर्थ दुसऱ्या गावी जाऊन पडला. माणूस विश्वासू होता, वाक्य खरे होते, ऐकण्यात कसूर नव्हती. बिघाड होता तो नावाचा अर्थ लावण्यात.

शब्दप्रमाणाविषयी वात्स्यायनाने न्यायसूत्रांवरील भाष्यात जे म्हटले आहे, ते शिक्षकांनी अवश्य सांगावे. कोणाचा शब्द प्रमाण मानावा? ज्याने ती गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, त्याचा. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे, असे वात्स्यायन स्पष्ट म्हणतो. दीड हजार वर्षांपूर्वीचे हे विधान आहे. सांगणाऱ्याची जात, पद किंवा पोशाख पाहून त्याच्या शब्दाचे वजन ठरविण्याची सवय आपल्या कचेऱ्यांतून आणि सभांतून अद्याप गेलेली नाही. बंधाऱ्याला तडा गेला असे मेंढपाळाने सांगितले तर ‘बघू’ म्हणावयाचे, आणि तेच शिक्का मारलेल्या कागदावर आले की धावावयाचे, हा अनुभव कोणाला नाही? कागद लिहिणाऱ्याने बंधारा पाहिला होता काय, हा नैयायिकांचा प्रश्न आपण क्वचितच विचारतो.

वर्गात काय करावे

पहिला महिना या एकाच प्रश्नावर खर्ची पडला तरी तो वाया गेला असे समजू नये. इतर प्रश्न त्यामागून येतात आणि थोडक्यात येऊ द्यावेत. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथातील नागसेनाचा रथ घ्यावा : चाक, आस, जू ही एकेक बाजूला काढली तर रथ नेमका कोठे आहे? मग बालपणीचा मी आणि आजचा मी एकच कशावरून? दारूच्या नशेत केलेल्या कृत्याला माणूस किती जबाबदार, हा प्रश्न ज्यांच्या गावात तंटामुक्त समिती आहे त्यांना परका नाही, आणि त्याच्या पोटात इच्छास्वातंत्र्याचा सगळा वाद दडलेला आहे.

शिक्षकाने टाळावयाची गोष्ट मुख्यतः एक आहे. उत्तर सांगण्याची घाई. मुलांनी एखादी व्याख्या मांडली की ती चूक आहे असे म्हणू नये. ती जेथे लागू पडत नाही असे एक उदाहरण शोधावयास सांगावे. उदाहरण सापडले की व्याख्येत दुरुस्ती मागावी, आणि मग पुन्हा उदाहरण. या व्यायामातून तर्कशास्त्र आपोआप येते. ‘सर, मग खरे उत्तर कोणते?’ असे कोणी विचारीलच. गेटियर यांच्या प्रश्नाला अनेक उत्तरे सुचविली गेली आहेत, सर्वांना मान्य झालेले एकही नाही, हे प्रामाणिकपणे सांगावे. त्यामुळे शिक्षकाचा मान कमी होतो असे मला वाटत नाही, जरी काही शिक्षकमित्र याबाबतीत माझ्याशी सहमत नाहीत.

परिभाषेची अडचण येते हे खरे. त्यासाठी दे. द. वाडेकर यांच्या संपादकत्वाखाली 1974 साली प्रसिद्ध झालेला ‘मराठी तत्त्वज्ञान महाकोश’ जवळ असावा. एकाच संकल्पनेचे भारतीय व पाश्चात्त्य विवेचन मराठीत पाहावयास मिळते. ज्या राज्यात अमळनेरसारख्या गावी श्रीमंत प्रतापशेठ यांनी 1916 साली तत्त्वज्ञान मंदिर उभारले, तेथे हा विषय मोठ्या शहरांपुरताच आहे असे कोणी मानण्याचे कारण नाही.

शेवटी वर्गात देण्याजोगा एक प्रश्न. एका गावात दोन विहिरी आहेत, वरची आणि खालची. जलसुरक्षकाने दोन्हींचे नमुने दोन बाटल्यांत भरले. मात्र चिठ्ठ्या लावताना त्यांची अदलाबदल झाली व ते कोणाच्याही ध्यानात आले नाही. प्रयोगशाळेने दोन्ही नमुने काळजीपूर्वक तपासले आणि दोन्ही विहिरींचे पाणी पिण्यास योग्य असल्याचा अहवाल दिला. दोन्ही विहिरींचे पाणी खरोखरच योग्य आहे. सरपंचबाई ग्रामसभेत उठून अहवाल वाचतात आणि म्हणतात, ‘वरच्या विहिरीचे पाणी चांगले आहे, हे मला ठाऊक आहे.’ त्यांना ते ठाऊक आहे काय? नसेल, तर कोणाला ठाऊक आहे? विद्यार्थ्यांनी यावर प्रत्येकी एक पान लिहून आणावे, आणि लिहिण्यापूर्वी घरातील मोठ्या माणसांनाही हा प्रश्न विचारावा.